देहाचा पहारा आणि सोनाळ्यातील एक प्रश्न

सोनाळ्यास सप्ताहानिमित्त आमचे जाणे-येणे बऱ्याच वर्षांचे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेस डोंगर आणि अंबाबरव्याचे रान, गावात संत सोनाजी महाराजांचे देऊळ, आणि दक्षिणेस उतरत उतरत थेट पूर्णा नदीपर्यंत गेलेली काळी जमीन. गेल्या माघात तेथे असताना एका दुपारी, मंडळी जेवून विसावली होती, तेव्हा एक म्हातारी बाई आमच्यापाशी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराशी चाळा करीत म्हणाली, "महाराज, एक इचारू काय जी? माह्या पोरीनं असं काय पाप केलं असन, का तिच्या दोनी किडन्या गेल्या?"

ही पोर आम्हांस ठाऊक होती. वीस-बावीस वर्षांमागे तिला खाली पूर्णेच्या अंगाला एका गावी दिली. आता आठवड्यातून तीन वेळा तिला अकोल्यास नेऊन यंत्राने रक्त धुवावे लागते. आणि कोणा प्रवचनकारांनी (नाव घेण्याचे कारण नाही) म्हातारीला सांगून ठेवले होते की, देहाचा भोग हा मागल्या जन्मीच्या कर्माचा असतो, तो भोगूनच संपावयाचा.

वाचकांपासून लपवावयाचे कशाला, त्या दुपारी आम्ही नीट उत्तर दिले नाही. "माय, देवावर भार ठेवा" असे काहीसे पुटपुटलो आणि हरिपाठाची वेळ झाली म्हणून उठलो. वेळ झालेली नव्हती. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मागे लागला आहे. त्यात आणखी एक खुपणारी गोष्ट अशी की, याच मुलीची तारीफ आम्ही पूर्वी एकदा भर सभेत केली होती. सासरी एवढे कष्ट, पण तोंडातून कधी चकार शब्द नाही, सोशिकपणा शिकावा तर हिच्याकडून, असे आम्ही बोललो होतो. लोकांनी माना डोलावल्या होत्या. ती मागे बायकांत बसली होती.

पापाचे पुढे पाहू. आधी देह काय करतो ते पाहिले पाहिजे. कारण ज्याच्यावर खटला चालवावयाचा त्याचे काम तरी आपणास माहीत असावे.

आमच्या वऱ्हाडातला वैशाख ज्याने पाहिला आहे त्यास उन्हाचे वर्णन सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, पत्रा हाताला चटका देतो, रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. आणि पौषात पहाटे काकड्याला उठले तर दात वाजतात. बाहेर एवढा फेरफार, पण काखेत थर्मामीटर लावून पाहा. सदतीसच्या आसपास, अर्धा-एक अंश इकडे तिकडे, बस. बाहेर पस्तीस अंशांचा झोका आणि आत हा नेमस्तपणा. अठराव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या वैद्याने याची परीक्षाच पाहिली. पाणी उकळावयास लागते त्याहूनही अधिक तापविलेल्या कोरड्या खोलीत तो आणि त्याचे मित्र काही मिनिटे राहिले. त्याच खोलीत ठेवलेले अन्न शिजून निघाले, माणसे चालत बाहेर आली. खोली तीच, हवा तीच. फरक एवढाच की माणसांना घाम येत होता. एक लिटर घाम अंगावर वाळताना जेवढी उष्णता घेऊन जातो तेवढीत बर्फासारखे गार पाणी सहा लिटरांच्या जवळपास उकळेल. म्हणून तर शेतात राबणारा माणूस वैशाखातही माणूस राहतो. (कोकणात हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तेथील तीस-बत्तीस अंश आम्हां वऱ्हाडकरांस नकोसे होतात ते याचसाठी.)

पण आमचे म्हणणे घामाविषयी नाही. म्हणणे असे आहे की, हे सदतीस अंश कोठे ठेवून दिलेले नाहीत. गाडग्यात घालून वर झाकण ठेवावे तसे ते नाहीत. ते क्षणोक्षणी बिघडत असतात आणि क्षणोक्षणी दुरुस्त होत असतात. दोन पावले उन्हात टाकली की ते चढू पाहतात. मेंदूच्या तळाशी बोराएवढा एक भाग आहे, त्यास ते कळते. कातडीकडे रक्त वाढते, घाम सुटतो, आणि ते पुन्हा जागेवर येतात. थंडीत उलटे. कातडीचे रक्त आत ओढले जाते, अंग थरथरते, आणि त्या थरथरीतून ऊब येते. आपण याला तब्येत स्थिर आहे असे म्हणतो. प्रत्यक्षात आत स्थिर असे काहीच नसते. तिथे केवळ पुन्हा पुन्हा परतून येणे असते.

आपल्या मंडळींना हे समजावून सांगावयास फार लांब जावे लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता देवळात डोकवा, वीणा उभी असते. पहाटे या, उभीच. लहान मुलाला वाटावे, हा एकच माणूस सात दिवस उभा आहे. पण आपणांस ठाऊक असते की, दर दोन तासांनी पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पहाटेच्या पहाऱ्याला कोणी वेळेवर आला नाही तर आधीचाच डुलक्या आवरीत उभा राहतो. वीणेचे ते उभे राहणे माणसांच्या अदलाबदलीतूनच उभे असते. देहाचे तसेच आहे. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात क्लोद बेर्नार नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होऊन गेला (१८१३ ते १८७८). त्याने प्रथम नीट सांगितले की, आपण जगतो ते बाहेरच्या हवेत नव्हे. आपल्या देहातील प्रत्येक पेशी रक्त आणि त्यापासून झिरपलेला रस या आतल्या पाण्यात जगते, आणि ते पाणी जितके सम राहील तितका जीव बाहेर फिरावयास मोकळा. पुढे १९२६ साली अमेरिकेतील वॉल्टर कॅनन याने या व्यवस्थेला नाव दिले, आणि १९३२ साली तिच्यावर पुस्तकच लिहिले, त्याचे नाव मराठीत 'शरीराचे शहाणपण' असे होईल. आपल्याकडे त्या नावासाठी समस्थिती हा शब्द वापरतात. आम्हांस विचाराल तर त्यातली स्थिती थोडी फसवी आहे. पण असो, शब्द रुळला आहे.

एकादशीचे उदाहरण घेऊ. रक्तात एका वेळी साखर असते किती? सगळ्या रक्तात मिळून सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदूला ती क्षणभरही कमी पडून चालत नाही. दशमीच्या रात्री जेवलो आणि द्वादशीला पारणे सोडले, तरी मधल्या वेळात हा चमचा रिता होत नाही. जेवणानंतर स्वादुपिंडातून निघालेला रस जास्तीची साखर यकृतात साठवून ठेवतो. पोट रिते झाले की तेच स्वादुपिंड दुसरा रस सोडून ती बाहेर काढवते. यकृतातला साठा सुमारे शंभर ग्रॅम, तो दिवसभरात सरत आला की देह स्नायू आणि चरबी मोडून खर्च चालवितो. निर्जळी करणारा म्हणतो, मी काही खाल्ले नाही. खरे पाहता त्याने खाल्ले, स्वतःचेच खाल्ले. (आपल्याकडील एकादशी आणि दुप्पट खाशीचा प्रकार निराळा. तेथे यकृताला काही काम उरत नाही.)

आता मूत्रपिंडांकडे येऊ. म्हातारीचा प्रश्न तेथला आहे.

कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढी दोन पिंडे. एकेकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोघांची मिळून घडण अशी की, प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. आपल्या रक्तातील पातळ भाग असतो तीनेक लिटर, तो या गाळण्यांतून दिवसाला साठ वेळा जातो. म्हणजे रोज एकशे ऐंशी लिटर पाणी गाळले जाते. घरातल्या पंधरा लिटरच्या हंड्याने मोजाल तर बारा हंडे. त्यातून लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे पाणी परत रक्तात. मिठाचे तर अधिकच नवल. दिवसाकाठी या गाळणीतून दीड किलोच्या घरात मीठ उतरते, आणि त्यातले शंभरातले नव्व्याण्णव भाग पिंडे वेचून माघारी घेतात. जेवढे जास्तीचे खाल्ले तेवढेच बाहेर टाकतात. सुगीतली बाई धान्य सुपात घेऊन पाखडते, तिची नजर भुसाकडे नसते, दाण्याकडे असते. तसेच हे. टाकणे हे त्यांचे वरवरचे काम. खरे काम राखण्याचे.

आणि हे राखणे किती बारीक! रक्तातले पोटॅशियम थोडे वाढले तर काळीज चालता चालता थांबते. म्हातारीच्या पोरीला डॉक्टरांनी पहिली ताकीद दिली ती हीच: केळी नको, रताळे नको, बटाटा खावयाचा तर कापून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून देऊन. आपल्या एकादशीचा फराळ काय असतो ते आठवा. पिंडे धड आहेत तोवर रताळे हे रताळे असते. पिंडे गेली की तेच रताळे जिवावर बेतते. रताळ्यात काही बदललेले नसते. आपण रताळे पचविले असे म्हणतो तेव्हा कोणीतरी मागे बसून त्यातला धोका निवडून टाकीत असतो, याची आपल्याला वार्ताही नसते.

आता सोनाळ्याहून खाली उतरा. संग्रामपूर सोडून पूर्णेच्या दिशेने जसजसे जावे तसतशी पाण्याची चव बदलत जाते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. जवळजवळ नऊशे गावे त्यात येतात. जमीन बघावी तर काळीभोर, कपाशी-तुरीने डोलणारी. पण विहिरीला पाणी लागले तर खारे. ते पिकाला दिले तर जमीन दगडासारखी होते. साबणाला फेस येत नाही. पाहुणा पहिला घोट घेतो आणि तांब्या खाली ठेवतो, घरचे लोक मात्र सवयीने पितात. पिण्याच्या पाण्यात विरलेले क्षार लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा उपायच नसेल तर फार तर दोन हजार, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि बोअर ही वरची मर्यादाही ओलांडतात. वैशाखात शेतात राबणारी बाई दिवसाला पाच लिटर पाणी पिते. दोन हजारांच्या पाण्यात म्हणजे दहा ग्रॅम क्षार तिच्या पोटात गेले. ते सगळे जेवणातले मीठ नव्हे, हे खरे. पण जेवणातले मीठ वर आहेच, आणि साऱ्या दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग अशा बाईचे रक्त खारट होते काय? होत नाही. तपासून पाहा, बरोबर जेवढे असावयास हवे तेवढेच. येथेच या विषयाचे मर्म आहे, म्हणून वाचकांनी थोडे थांबावे. मीठ वाढले की तहान लागते. माणूस पाणी पितो. देह ते पाणी धरून ठेवतो, आणि खारटपणा जागेवर येतो. परंतु आता नळीत रक्त वाढले. ते वाढले की दाब वाढतो. दाब वाढला की पिंडांतून मीठ जास्त बाहेर पडते, आणि हिशेब जुळतो. जुळला खरा, पण कशाच्या बदल्यात? रक्तदाबाच्या. एका खात्याची तूट भरावयास दुसऱ्या खात्यातून उचल. आणि तो वाढलेला दाब बसतो कोणावर? त्याच बारीक गाळण्यांवर, ज्यांनी हा हिशेब जुळविला त्यांच्यावर. बांगलादेशाच्या किनारी भागात विहिरीतळ्यांत समुद्राचे पाणी शिरते. तेथील गरोदर बायकांत खाऱ्या पाण्याबरोबर रक्तदाब चढलेला आढळून आला आहे.

दुसरीही एक गोष्ट. वीस लाख गाळण्यांपैकी काही बंद पडल्या तर बाकीच्या त्यांचे काम अंगावर घेतात. म्हणून तर एक मूत्रपिंड दान देणारा माणूस दुसऱ्यावर सुखाने जगतो. केवढी ही उदार रचना! पण झीज चालूच राहिली तर याच उदारपणाचा घात होतो. उरलेल्या गाळण्या दुप्पट राबतात, फुगतात, आणि राबून राबून त्याही बाद होतात. १९८२ साली अमेरिकेत ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार मांडला. तोवर बाहेर काय दिसते? काही नाही. निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतदेखील फारसे चढ-उतार दिसत नाहीत. माणूस जेवतो, चालतो, वखर हाकतो, वारीला जातो. ज्या दिवशी कळते त्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो.

खारपाणपट्ट्यातील किडनीच्या आजाराला केवळ पाणीच जबाबदार आहे असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह आहे, वाढलेला रक्तदाब आहे. शेतकाम करून अंग ठणकते म्हणून दुकानातून आणून रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या आहेत. फवारणीची औषधे आहेत. उन्हात तासन् तास पाण्यावाचून काम आहे. आंध्रातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतील उसाचे मळे, येथेही राबणाऱ्या गरिबांचीच मूत्रपिंडे जात आहेत आणि तेथेही डॉक्टर एकाच कारणावर बोट ठेवीत नाहीत. एवढे मात्र खरे की, यातले एकही कारण त्या बाईच्या मनातून किंवा तिच्या वागणुकीतून निघालेले नाही.

तर आता पापाचा प्रश्न. प्रारब्धाच्या सिद्धांताशी आमचे भांडण नाही. माणसाने स्वतःच्या दुःखाकडे पाहताना त्याचा आधार घ्यावा, मन आवरावे, हे ठीकच. पण तो सिद्धांत दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवावयास निघालो की त्याचे काय होते पाहा. म्हातारीला पोरीच्या मागल्या जन्मातले पाप शोधावयास बसविले गेले. गावची विहीर, तालुक्याचा नळ, औषधाचे दुकान, बाईची तक्रार ऐकून न घेणारे घर, हे सगळे त्या एका शब्दाआड लपले आणि निर्दोष सुटले. जो सिद्धांत बोलणाऱ्याला एवढा सोयीचा पडतो त्याच्याविषयी बोलणाऱ्याने तरी सावध असावे.

कोणी म्हणेल, सहन करणे हा गुण नव्हे काय? संतांनी तो शिकविला नाही काय? शिकविला. परंतु जे टळण्यासारखे नाही ते सोसणे निराळे, आणि दुसऱ्याला सोसावयास लावून आपण त्याची तारीफ करणे निराळे. पहिल्यात तप आहे. दुसऱ्यात आमच्यासारख्यांची सोय आहे. आम्ही सभेत त्या मुलीला सोशिक म्हटले तेव्हा तिचा चेहरा सकाळी सुजतो हे तिला ठाऊक होते, रात्री तीनदा उठावे लागते हे ठाऊक होते, अन्नावरची वासना उडाली होती, जिना चढताना धाप लागत होती. ती बोलली नाही, कारण बोलण्याजोगी जागाच नव्हती. आणि भर सभेत महाराजांनी एकदा सोशिक म्हटल्यावर तर ती उरलीच नाही. तिच्या घरचे दुष्ट होते असे नव्हे. त्यांनाही तिच्या गप्प राहण्याचा तोच अर्थ लागला जो आम्हांला लागला: सगळे ठीक आहे.

पहाटेच्या पहाऱ्याचा वीणेकरी बदली न आल्याने चार तास उभा राहिला, तर त्याला धन्य म्हणावे हे बरोबर. पण सकाळी चौकशीही झाली पाहिजे की, ज्याची पाळी होती तो कोठे होता.

देह स्वतःच्या उंबऱ्याच्या आत जेवढे करावयाचे तेवढे करतो, न सांगता करतो, शेवटचा दाणा संपेपर्यंत करतो. उंबऱ्याबाहेरून त्याच्या दारात काय येऊन पडते ते मात्र त्याच्या हाती नाही. ते काम गावाचे. वान नदीवर सातपुड्यात वारी भैरवगडजवळ धरण आहे, त्यास हनुमान सागर म्हणतात. त्याचे गोडे पाणी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या एकशे चाळीस गावांना नळाने पोचविण्याची योजना आहे. जेथे नळाला पाणी येते तेथे बायकांनी तेच पिण्याला ठेवावे. जेथे येत नाही तेथे ते का येत नाही हे विचारणे म्हणजे राजकारण नव्हे. पावसाचे पाणी छपरावरून टाकीत साठविता येते, त्यात क्षार नसतात. रक्तदाब मोजावयास पाच मिनिटे लागत नाहीत. लघवीतून प्रथिने जातात का हे पाहण्याची पट्टी असते, आणि पिंडांची झीज कळावयास ती रक्ताच्या तपासणीच्याही आधी उपयोगी पडते. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने, आणि घरात कोणाला हा आजार असेल तर त्याआधीही, वर्षातून एकदा या दोन गोष्टी करून घ्याव्यात. दुखण्याच्या गोळ्या रोजच्या रोज घेऊ नयेत. मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निर्जळी करू नये; पांडुरंग त्यासाठी रुसणार नाही. आमच्या वाचकांपैकी जे सप्ताह भरवितात त्यांना आमची विनंती की, सात दिवसांत एक सकाळ यासाठी काढावी. मंडप असतोच, माणसे जमलेलीच असतात, जवळच्या आरोग्य केंद्राला आधी कळविले म्हणजे झाले.

चैत्रात आम्ही मुद्दाम सोनाळ्यास गेलो. पोर माहेरी आलेली होती. तिच्या हातावर, मनगटाच्या वर, यंत्राला जोडण्यासाठी केलेली जाड शीर दिसत होती. यंत्राविषयी तिला आमच्यापेक्षा पुष्कळ माहिती. १९४३ साली युद्ध चालू असता हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टराने असे पहिले यंत्र बनविले, हे आम्ही तिला सांगितले, तर तिला त्याचे एवढे अप्रूप वाटले नाही. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यांतले बारा तास ती यंत्राला जोडलेली असते. बाकीच्या एकशे छप्पन्न तासांचा पहारा तिला स्वतःच करावा लागतो. तिच्याजवळ एक बाटली होती, तिच्यावर पेनाने रेघा मारलेल्या. दिवसभरात किती प्यावयाचे ते त्या रेघांवर ठरलेले. चैत्राचे ऊन, घसा कोरडा, आणि ती घोट घेऊन बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ बघत होती.

आम्ही म्हातारीला म्हटले, "माय, त्या दिवशी मी उत्तर टाळलं. तुमच्या पोरीनं काही पाप केलं नाही. तिच्या किडन्यांनीही नाही. त्यांनी शेवटपर्यंत काम केलं." आणि पोरीला म्हटले, "मी तुला सभेत सोशिक म्हटलं होतं. ते चुकलं माझं. तेव्हा विचारायला पायजे होतं."

पोर जराशी हसली. म्हणाली, "मले आठवते जी. त्या दिशी पायावर इतकी सूज होती, का मांडी घालून बसता येत नव्हतं." मग बाटली दाखवून म्हणाली, "आधी हे अंदर आपोआप मोजलं जात होतं, महाराज. मले मालूमच नव्हतं कोनी मोजून राह्यलं म्हनून. आता मीच मोजतो."

म्हातारी मध्येच म्हणाली, "मंग जी, त्या गावच्या इहिरीचं पानी अजून लोक पेतेतच ना?"

"पितात," आम्ही म्हणालो.

"तिची लेक पन तेच पेते," ती म्हणाली, आणि उठून पोरीची पिशवी भरावयास लागली. अकोल्याची गाडी साडेचारला होती.